आधी जन्मलेल्यांचं देणं : 'कोकोरो' आणि 'कोसला'

सोलापुरात जपान हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तो डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या निमित्तानं. शाळेत आम्हाला सांगितलं जायचं, की आपल्या गावचा एक तरुण डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला, जपानी आक्रमणात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडंच वारला. शांतारामबापूंच्या चित्रपटानं ही गोष्ट देशभर नेली. त्यामुळं आमच्या पिढीच्या मनात जपान म्हणजे बंदूक घेऊन समोर उभा असलेला देश होता. त्या देशात कुणी एकटं असेल, कुणाच्या पोटात एखादी गोष्ट चाळीस वर्षं कुजत पडली असेल, हे डोक्यात यायला मला साठी ओलांडावी लागली.

जुळे सोलापुरात आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा जमतो. बहुतेक सगळे निवृत्त. कुणी शिक्षक होतं, कुणी बँकेत, कुणी जिल्हा परिषदेत. एक पुस्तक ठरवायचं, वाचायचं आणि चहाबरोबर त्यावर बोलायचं, एवढाच कार्यक्रम. गेल्या वर्षी एकानं नात्सुमे सोसेकी या जपानी लेखकाची 'कोकोरो' ही कादंबरी सुचवली. एडविन मॅक्लेलन यांचं १९५७ सालचं इंग्रजी भाषांतर आम्ही आळीपाळीनं वाचलं. सोसेकींची पुण्यतिथीही ९ डिसेंबरचीच, साल १९१६, हे तेव्हा कळलं. अशा योगायोगातून काही सिद्ध होत नाही. पण एका तारखेला गावाच्या ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं खरं.

चर्चा मात्र जपानवर थांबली नाही. बोलता बोलता आम्ही भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'वर आलो, तिथून हरिभाऊ आपट्यांवर आणि शेवटी स्वतःच्या घरांवर. त्या बोलण्यातून जे हाती लागलं, ते नीट तपासून मांडण्याचा हा प्रयत्न आहे. सोसेकींचा नेमाड्यांवर प्रभाव आहे, असं मला म्हणायचं नाही. दोन वेगळ्या समाजांत, जवळपास पन्नास वर्षांच्या अंतरानं, एकाच दुखण्याची दोन निदानं लिहिली गेली, ती शेजारी ठेवून पाहायची आहेत.

गोष्ट एका पत्राची

'कोकोरो' २० एप्रिल ते ११ ऑगस्ट १९१४ या काळात 'असाही शिंबुन' या दैनिकात ११० हप्त्यांत प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुस्तकरूपानं आली. हे हप्ते छापले जात होते तेव्हाच, जूनमध्ये, लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून पुण्यात परतले होते. आणि कादंबरी संपता संपता युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं. काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून एवढं सांगितलं.

कादंबरीचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात कामाकुराच्या समुद्रकिनाऱ्यावर एका विद्यार्थ्याला एक मध्यमवयीन गृहस्थ भेटतात. तो त्यांना 'सेन्सेई' म्हणू लागतो. आपण 'सर' किंवा 'गुरुजी' म्हणतो तसं हे संबोधन. सेन्सेई उच्चशिक्षित आहेत, पण नोकरी-व्यवसाय काही करत नाहीत. पत्नीबरोबर शांत, मूलबाळ नसलेला संसार. दर महिन्याला ते झोशिगायाच्या स्मशानभूमीत एका मित्राच्या थडग्यावर जातात आणि कुणालाही बरोबर येऊ देत नाहीत. या माणसाला काहीतरी डसलेलं आहे, हे विद्यार्थ्याला जाणवतं. काय, ते सेन्सेई सांगत नाहीत.

दुसऱ्या भागात विद्यार्थी पदवी घेऊन गावी येतो. वडील मूत्रपिंडाच्या विकारानं खंगत चालले आहेत. आपण डोळे मिटण्याआधी मुलगा पदवीधर झाला, याचाच त्यांना आनंद. इथला एक प्रसंग आमच्यापैकी कुणी विसरू शकलं नाही. सामानात चेपल्यामुळं पदवीच्या कागदाची घडी मोडलेली असते. वडील तो कागद घरातल्या मानाच्या जागी, सगळ्यांना दिसेल असा उभा करायला जातात आणि तो पुन्हा पुन्हा आडवा पडतो. लेखक यावर काही भाष्य करत नाही. गरजही नाही. पहिल्या पिढीच्या पदव्या आपल्या घरांतही अशाच भिंतीवर लागलेल्या आहेत.

वडील अखेरच्या घटका मोजत असताना सेन्सेईंचं जाडजूड पत्र येतं. ते हाती पडेल तेव्हा मी या जगात नसेन, एवढं त्यात चाळताना दिसतं. मुलगा मरणाऱ्या बापाला सोडून तोक्योची गाडी पकडतो आणि डब्यात बसून ते पत्र वाचतो. तिसरा भाग म्हणजे ते पत्र. ते संपतं तिथंच कादंबरी संपते. गाडी पोचली का, वडील गेले का, मुलानं पुढं काय केलं, यातलं काहीच आपल्याला कळत नाही.

पत्रातली हकीकत आपल्या ओळखीच्या जागेवरून सुरू होते. आईवडील एकाच साथीत गेले. इस्टेट चुलत्यानं सांभाळली आणि सांभाळता सांभाळता गिळली. भाऊबंदकी! मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. तरुण सेन्सेई उरलंसुरलं विकून गाव कायमचं सोडतात आणि तोक्योत एका सैनिकाच्या विधवेच्या घरी खोली घेतात. तिच्या मुलीवर त्यांचं मन बसतं. याच घरी ते आपल्या एका मित्रालाही आणतात. त्याचं नाव फक्त 'के'. तो बौद्ध पुरोहिताचा मुलगा, डॉक्टरांच्या घरी दत्तक गेलेला. वैद्यक शिकायचं सोडून त्यानं धर्म आणि तत्त्वज्ञानाचा ध्यास घेतला, म्हणून दोन्ही घरांनी त्याला टाकलेलं. हा कठोर, विरागी के एके दिवशी सेन्सेईंना कबूल करतो, की आपलं त्या मुलीवर प्रेम आहे. सेन्सेई स्वतःचं मन उघड करत नाहीत. केनंच पूर्वी उच्चारलेली वैराग्याची वाक्यं त्याच्यावर उलटवतात आणि त्याच्या नकळत मुलीच्या आईकडं लग्नाची मागणी घालतात. केला हे तिच्याकडून कळतं. काही दिवसांत तो आत्महत्या करतो. मागं ठेवलेल्या चिठ्ठीत मित्राबद्दल दोषाचं एक अक्षर नसतं.

चुलत्यानं फसवलं तेव्हा सेन्सेईंचा इतरांवरचा विश्वास उडाला होता. केच्या मृत्यूनंतर स्वतःवरचाही उडाला. आपण चुलत्यापेक्षा वेगळे नाही, हे कळून जगणं म्हणजे काय, ते उरलेल्या पानांत आहे.

बाहेरून आलेला बदल

एवढ्यावर ही कादंबरी एका अपराधी माणसाची कबुली ठरली असती. तिला काळाचं वजन येतं ते दोन मृत्यूंमुळं. ३० जुलै १९१२ रोजी सम्राट मेइजी वारले. १८६८ पासून सुरू झालेलं त्यांचं पर्व म्हणजे जपानच्या आधुनिकतेचं पर्व. सरंजामदारी गेली, रेल्वे आली, विद्यापीठं आली, पाश्चात्त्य पोशाख आला. १३ सप्टेंबरला, सम्राटांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी, जनरल नोगी आणि त्यांच्या पत्नीनं जीवनयात्रा संपवली. धन्यामागून जाण्याची ही जुनी सामुराई रीत होती.

नोगी हे नाव त्या काळच्या हिंदुस्थानातही पोचलं असणार. १९०५ च्या जानेवारीत रशियाच्या ताब्यातलं पोर्ट आर्थर त्यांच्याच सैन्यानं जिंकलं. आशियातल्या एका देशानं युरोपीय सत्तेला हरवलं, म्हणून आपल्याकडं स्वदेशीच्या दिवसांत केवढा उत्साह पसरला होता! त्या विजयाची दुसरी बाजू अशी, की त्या युद्धात नोगींचे दोन्ही मुलगे मारले गेले होते. आणि त्यांच्या मनातला सल त्याहूनही जुना होता. १८७७ च्या बंडात त्यांच्या पलटणीचं निशाण शत्रूच्या हाती पडलं, त्याची शरम ते पस्तीस वर्षं बाळगून होते. सेन्सेई पत्रात हाच हिशेब करतात: त्या पस्तीस वर्षांत या माणसाला जगणं अधिक जड गेलं असेल, की मरणाचा क्षण?

त्याच १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, जिला पुढं गाव 'जुनी गिरणी' म्हणू लागलं. इकडं गिरणीचा भोंगा, तिकडं तलवारीचा शेवट. दोन्हीकडं जग बदलत होतं आणि दोन्हीकडं बदलाचं वेळापत्रक दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं होतं.

सोसेकींनी हे स्वतः अनुभवलं होतं. त्यांचा जन्म १८६७ चा, म्हणजे मेइजी पर्वाच्या आदल्या वर्षीचा. लहानपणीच त्यांना दुसऱ्या घरी दत्तक दिलं गेलं होतं. १९०० ते १९०२ अशी दोन वर्षं ते सरकारी खर्चानं लंडनमध्ये इंग्रजी साहित्य शिकायला राहिले. खोलीत कोंडून घेऊन वाचत राहिले आणि मनानं पार खचले. परतल्यावर तोक्योच्या विद्यापीठात शिकवलं. १९०७ मध्ये ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून वर्तमानपत्रात कादंबऱ्या लिहिण्याची नोकरी धरली. १९११ मध्ये वाकायामा इथल्या व्याख्यानात त्यांनी एक भेद मांडला. कळी आतून उमलते तसा काही समाजांचा बदल आतून होतो. जपानचा बदल बाहेरच्या दाबानं झाला. जे इतरांना शंभर वर्षांत साधलं ते आम्ही दहा वर्षांत करू पाहतो, तेव्हा वरवर चकाकी येते आणि आत पोकळी राहते, असा त्यांचा आशय होता.

'कोकोरो'तलं एकटेपण या पोकळीतलं आहे. सेन्सेई विद्यार्थ्याला एके ठिकाणी सुचवतात, की स्वातंत्र्य आणि स्वत्व यांनी भरलेल्या काळात जन्मल्याची किंमत म्हणून आपल्या सगळ्यांना हा एकाकीपणा चुकवावा लागतो. ते नव्या काळाला शिव्या देत नाहीत की जुन्याचे गोडवे गात नाहीत. गाव, कूळ, कर्मकांड यांचा जाच गेला तो बरा गेला. पण त्या जाचाबरोबर मन मोकळं करण्याच्या जागाही गेल्या, आणि नव्या जागा अजून तयार झालेल्या नाहीत.

'कोकोरो' या शब्दाला मराठीत एक प्रतिशब्द सापडत नाही. मन, हृदय, अंतःकरण, आणि आपण 'जीव लावणे' म्हणतो त्यातला जीव, हे सगळं त्यात येतं. आपण त्याचे तुकडे केले आहेत: विचार मनात, माया काळजात, सद्सद्विवेक अंतःकरणात. सेन्सेईंची शोकांतिका अशी, की त्यांचे हे तुकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

सेन्सेई म्हणजे अग्रज

'सेन्सेई' हा शब्द ज्या दोन अक्षरचिन्हांनी लिहितात त्यांचा सरळ अर्थ 'आधी जन्मलेला' असा आहे. आपल्या 'अग्रज' शब्दाशी थेट जुळणारा. जपानी माणूस शिक्षकाला, डॉक्टरला रोज या नावानं हाक मारतो तेव्हा मूळ अर्थ त्याच्या ध्यानीही नसेल. या कादंबरीत मात्र तो अर्थ जागा होतो. जो आधी जन्मला, त्यानं नंतर जन्मलेल्याला काय द्यायचं?

रचना पाहा. एकीकडं जन्मदाता बाप मरतो आहे. त्याच्यापाशी जमीन आहे, घर आहे, गावातली पत आहे. मुलाला देता येईल असं शहाणपण त्याच्यापाशी उरलेलं नाही, कारण मुलगा ज्या जगात राहणार आहे ते त्यानं पाहिलेलं नाही. तो सम्राटाच्या आजाराच्या बातम्या वाचतो आणि त्यात स्वतःचा आजार शोधतो. दुसरीकडं नात्याचा नसलेला एक अग्रज मरतो आहे. त्याच्यापाशी द्यायला फक्त स्वतःचा अपराध आहे, आणि तो ते देतो. हे पत्र म्हणजे इस्टेटीऐवजी दिलेलं मृत्युपत्र आहे. वर्तमानपत्रात छापताना कादंबरीला 'सेन्सेईंचं मृत्युपत्र' असं उपशीर्षक होतं, हे इथं लक्षात घ्यायला हवं.

हे देणं फार उशिरा आलं, हीच कादंबरीची टोचणी आहे. सेन्सेई जिवंतपणी बोलले असते तर? केनं विश्वासानं सांगितलं त्या वेळी 'माझंही तसंच आहे' एवढं एक वाक्य ते बोलले असते तर? सगळी पडझड एका न बोललेल्या वाक्यातून झाली आहे.

आमच्या बैठकीत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई इथं थांबल्या आणि म्हणाल्या, "ते सगळं खरं. पण त्या बायकोचं काय? तिला कोण सांगणार?" आम्ही पुरुषमंडळी गप्प झालो. सेन्सेई मुलाला बजावतात, की पत्नी जिवंत असेतोवर हे तिला कळू देऊ नकोस. तिच्या आठवणी निर्मळ राहू देत. वरून हे प्रेम दिसतं. खरं तर आपला संसार कशावर उभा आहे हे जिला शेवटपर्यंत कळत नाही, नवऱ्याचं मन आपल्यापासून का उडालं हे विचारून जी रडते, तीच या कादंबरीतली सगळ्यांत एकाकी व्यक्ती आहे. अग्रजाचं देणं एका पुरुषाकडून दुसऱ्या पुरुषाकडं गेलं. तिला वगळून.

मराठीतलं ऐकणारं माणूस

आणि इथंच हरिभाऊ आठवले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तीही वृत्तपत्री हप्त्यांत, तीही समाज बदलत असतानाची, तीही एका व्यक्तीची आत्मकथा. पण बोलते आहे ती यमू. सोसेकींची स्त्री जिथं गप्प आहे, तिथं त्याआधी दोन तपं मराठी कादंबरीत एक मुलगी स्वतःची हकीकत स्वतः सांगते. लिहिणारा पुरुष होता हे खरं. तरीही बोलण्याचा हक्क तिला दिला गेला. आणि ग्रंथाचं नावच एक प्रश्न आहे, तो ऐकणाऱ्याला विचारलेला. मराठी कादंबरी आधुनिक झाली ती 'ऐकणारं कुणी आहे का?' असं विचारत झाली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

'कोसला' १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं प्रसिद्ध केली. नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातल्या सधन शेतकऱ्याचा मुलगा पुण्याला कॉलेजात येतो. वसतिगृह, मेस, वक्तृत्व मंडळ, मित्र, उधारी, रिकामटेकडे दिवस आणि न संपणाऱ्या रात्री यांतून जातो आणि शेवटी हात हलवत गावी परततो. सॅलिंजरच्या कादंबरीशी तिची तुलना पुष्कळ झाली. बोलण्याचा सूर पाहिला तर ती पटतेही. पण सॅलिंजरचा मुलगा महानगरात वाढलेला आहे. पांडुरंगाच्या मागं एक गाव आहे, शेती आहे आणि मुलाच्या शिक्षणावर झालेला खर्च मोजणारा बाप आहे. म्हणून मला तो 'कोकोरो'तल्या विद्यार्थ्याच्या अधिक जवळचा वाटतो.

सामाजिक बदलाचा तपशील इथं नेमका आहे. स्वातंत्र्यानंतर खेड्यापाड्यांतल्या शेतकरी घरांतली मुलं पहिल्यांदा मोठ्या संख्येनं शहरातल्या कॉलेजांत आली. तोवरची मराठी कादंबरी बहुतांशी शहरी, पांढरपेशा घरांतून लिहिली जात होती. तिच्यातल्या तरुणाला शहर उपजत ठाऊक होतं. पांडुरंगाला ते ठाऊक नाही. तिथं टिकण्यासाठी तो पैसे उधळतो, पुढारपण करतो, फसतो. घरून येणाऱ्या पैशाबरोबर बापाचा धाक येतो. बाप आणि मुलगा यांच्यात चलन फक्त पैशाचं. 'कोकोरो'तही नात्यांची कसोटी पैशावरच लागते: चुलत्याची अफरातफर, 'वडील हयात आहेत तोवर वाटणीचं बघून घे' हा सेन्सेईंचा सल्ला, पदवी मिळाली आता नोकरीसाठी त्या तुझ्या सरांना लिही, हा आईचा लकडा. जिथं दुसरं काही देता येत नाही तिथं आधी जन्मलेले पैसे देतात, आणि नंतर जन्मलेले हिशेब.

दोन कादंबऱ्यांत मृत्यू आहे, पण त्याची जात वेगळी. के मरतो तेव्हा कुणाचा तरी दोष आहे आणि तो दोष नायक स्वतःकडं घेतो. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते तेव्हा दोष कुणाकडंच जात नाही. देवाकडं, घराकडं, जगाच्या रचनेकडं, सगळीकडं संताप वाहतो आणि कुठंच टेकत नाही. सेन्सेईंचा एकाकीपणा अपराधाचा आहे. पांडुरंगाचा निरर्थकतेचा. पहिल्याला प्रायश्चित्त सुचतं. दुसऱ्याला तेही नाही. म्हणून 'कोसला'चा स्वर हसरा, टवाळखोर होतो. पांडुरंग आणि त्याचा मित्र सुरेश आपलाच काळ जणू पुरातत्त्ववाल्यांना उत्खननात सापडला आहे अशा थाटात त्याचा इतिहास रचतात, तेव्हा आपण पोट धरून हसतो. नंतर लक्षात येतं, की ही दोन पोरं आपल्या वर्तमानाकडं मेलेल्या गोष्टीसारखी पाहत आहेत.

सगळ्यांत मोठा फरक ऐकणाऱ्याचा. सेन्सेईंना शेवटी एक माणूस सापडतो. एकच, पण खरा. पांडुरंगाला एकही सेन्सेई भेटत नाही. एवढ्या मोठ्या कॉलेजात, एवढ्या प्राध्यापकांत, ज्याच्यापाशी आपला गोंधळ नेऊन ठेवावा असा एक आधी जन्मलेला त्याला मिळू नये, ही मराठी शिक्षणावरची टीका कादंबरीत कुठंही ठळक अक्षरांत लिहिलेली नाही, पण पानोपानी आहे. तो मग बोलतो कुणाशी? वाचकाशी. ओळख नसलेल्या, बहुसंख्य, सामान्य वाचकाशी. 'कोसला' म्हणजे कोश. कोशात अळी एकटी असते. पण कोश हा तिनंच स्वतःभोवती विणलेला असतो, आणि पांडुरंगाची अखंड बडबड हाच त्याचा धागा आहे. सेन्सेईंना गप्प राहण्यानं मारलं. पांडुरंग बोलत राहिला म्हणून जगला, एवढं म्हणता येतं.

बंद खोल्या

हे सगळं साहित्यापुरतं राहिलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

जुळे सोलापूर हा मुळात नव्यानं वसलेला भाग. माझ्या आठवणीत इथं मोकळं रान होतं. जुन्या गावातल्या पेठांतून, चाळींतून, वाड्यांतून माणसं प्लॉट घेऊन इकडं आली. प्रत्येकानं आयुष्याची पुंजी घालून घर बांधलं आणि त्यात मुलांसाठी वरच्या मजल्यावर खोल्या काढल्या. मुलं शिकली आणि पुण्याला गेली, बेंगळुरूला गेली, काही परदेशी. खोल्यांना कुलपं आहेत. दिवाळीत ती उघडतात, भाऊबीज झाली की पुन्हा लागतात. यात कुणाचा दोष नाही. आम्हीच त्यांना जा म्हणालो. गावातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा पोरांनी इथं थांबून करायचं काय होतं?

माझे वडील एका गिरणीत साच्यावर होते. ती बंद झाली तेव्हा ते पन्नाशीत होते. त्यानंतर त्यांनी मिळेल ते काम केलं, आम्हाला शिकवलं, आणि त्या दिवसांविषयी मरेपर्यंत एक शब्द काढला नाही. भोंगा थांबल्यावरही ते पहाटे ठरल्या वेळी उठून ओसरीवर बसून राहायचे. मी तेव्हा कॉलेजात होतो. काय वाटतं, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. ते गेल्यावर ट्रंकेत पगाराच्या जुन्या चिठ्ठ्या सापडल्या, तारीखवार लावून दोऱ्यात ओवलेल्या. माझ्यासाठी त्यांनी ठेवलेलं मृत्युपत्र ते तेवढंच. ते मला वाचता येत नाही.

'कोकोरो' वाचून झाल्यावर मला जाणवलं, की मीही तेच करतो आहे. मुलाशी फोनवर बोलणं होतं: जेवलास का, पाऊस आहे का, हप्ता गेला का. माझ्या आयुष्यात जे चुकलं, ज्याची शरम वाटते, जे करायचं राहून गेलं, त्यातलं त्याला काही ठाऊक नाही. बायकोलाही सगळं नाही. त्याला कशाला त्रास, असं मी म्हणतो. सेन्सेईही तेच म्हणत होते.

जपानमध्ये ही कादंबरी हायस्कूलच्या पाठ्यपुस्तकांत आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलं तिचा काही भाग वाचतात. सोसेकींचं चित्र १९८४ पासून कित्येक वर्षं तिथल्या हजार येनच्या नोटेवर होतं. एका एकाकी माणसानं दुसऱ्या एकाकी माणसाची लिहिलेली गोष्ट एका समाजानं आपल्या मुलांना मुद्दाम वाचायला द्यावी, यात मला शहाणपण दिसतं. आपल्याकडं 'कोसला' ज्यांना आपोआप भेटते त्यांना भेटते. घरात बापानं मुलाच्या हाती ती दिली, असं मी कुठं ऐकलेलं नाही.

एकटेपणावर हे दोन्ही लेखक औषध सांगत नाहीत. गाव, कूळ, गिरणी, पर्व, यांपैकी काही परत येणार नाही, आणि सगळंच परत यावं असंही नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखं एक साधं निरीक्षण आहे. बदलाच्या काळात घरं आणि पैसे पुढच्या पिढीकडं सहज जातात. त्यांच्यामागची गोष्ट मात्र कुणीतरी बसून सांगावी लागते. ती मरणानंतर टपालानं आली तर वाचणारा गाडीच्या डब्यात एकटा असतो.

या दिवाळीत वरची खोली चार दिवस उघडणार आहे. मुलाला त्या चिठ्ठ्या दाखवायच्या ठरवल्या आहेत. साच्यावर काम करणाऱ्या त्याच्या आजोबांपासून सुरुवात करीन. पुढं माझ्यापर्यंत यायला जमतं का ते पाहायचं.